रिकाम्या हॉलची शांतता

रात्री सव्वाअकराला हान्नो टेरब्रुगेन अख्ख्या जर्मनीला हसवत असायचा, तेव्हा खरा हान्नो घरी पायजमा घालून सूप पीत बसलेला असायचा. आमची रात्र संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची. कोलोनच्या बाहेर एक जुना कारखाना होता, त्याच्या शेडमध्ये आमचा सेट. मागच्या भिंतीवर खोट्या शहराचे खोटे दिवे, आणि समोर दोनशे माणसं, दुपारची कॉफी पिऊन बसने आलेली. साडेसहाला सगळं आटोपायचं. मग ती टेप माझ्याकडे यायची.

मी उला पेश. संकलन करायचे. हान्नो जिथे अडखळला ते काढायचं, जो विनोद पडला तो गाडायचा, जी पाहुणी तोंडात मूग धरून बसली तिला दोन मिनिटांत गुंडाळायची, आणि दहाच्या आत टेप चॅनेलकडे रवाना करायची. अकरा वर्षं मी हेच केलं. लोक म्हणायचे, हान्नोचं टायमिंग काय जबरदस्त आहे. त्यातलं निम्मं टायमिंग माझ्या बोटांत होतं, पण पाटी त्याच्या नावाची होती आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

तो वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार आहे. वुपरटालच्या एका खाटकाचा मुलगा. बापाच्या दुकानात गिऱ्हाइकं सॉसेज घेऊन बाहेर पडली, की हा मागे त्यांच्या नकला करायचा आणि बापाच्या हातचा मार खायचा. पुढे एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत अकरा माणसांसमोर कार्यक्रम, मग रेडिओ, मग पंचाण्णव साली हे चॅनेल. चॅनेलला रात्री दाखवायला काहीतरी हवं होतं आणि हान्नो स्वस्तात मिळत होता. तीन वर्षांत तो इतका मोठा झाला, की मंत्री त्याच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसून स्वतःची टिंगल करून घ्यायला रांग लावायचे.

त्या टेबलावर एक लाल बटण होतं. ते माझं पाप.

नव्याण्णव साली माझ्याकडे आणखी एक काम होतं. छोट्या छोट्या प्रादेशिक वाहिन्यांच्या बातम्या बघायच्या आणि त्यातून हसण्यासारखं काही हाती लागतंय का ते शोधायचं. एके दिवशी पूर्वेकडच्या लाउझित्स भागातली एक बातमी आली. कॉटबुसजवळच्या एका गावात ससे पाळणाऱ्यांचा क्लब होता. कोणीतरी रात्री जाळी कापून क्लबचा बक्षीसपात्र ससा पळवला होता. करड्या रंगाचा, कुत्र्याएवढा. मालकाचं नाव राइनहोल्ड लेनिक, वय सहासष्ट, हातानं विणलेलं स्वेटर, डोक्यावर टोपी. रिकाम्या खुराड्यासमोर उभे राहून ते वार्ताहराला म्हणाले,

"माझी बायको, एडेल. शेवटची दोन वर्षं तिनं मला ओळखलं नाही. रोज सकाळी विचारायची, तुम्ही कोण. मी सांगायचो. मग मी इकडे बाहेर यायचो, अँटोनकडे. मला बघितलं की तो जाळीपाशी यायचा." इथे त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, खालचा ओठ लोंबला आणि आवाज चिरकला. "तो मला ओळखायचा."

चाळीस सेकंद. मी त्यातले शेवटचे चार ठेवले. सशासाठी रडणारा, टोपी घातलेला म्हातारा: तो मला ओळखायचा. बाकीचं मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं, आणि मग कापलं. विनोदाला आगापीछा असला की तो विनोद राहत नाही, हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

हान्नोनं फक्त ते चार सेकंद बघितले आणि तो खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. टेबलावर बटण बसवलं, दाबलं की ते चार सेकंद पडद्यावर. एखाद्या मंत्र्यानं राजीनामा दिला, की बटण. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हाकललं, की बटण. तो मला ओळखायचा. सेटवरच्या बँडमधला ढोलवाला त्यामागे एक थाप मारायचा, ट्रंपेटवाला फुंकायचा. कार्यक्रमाआधी हॉल तापवायला आमच्याकडे कुनो होता. कार्निव्हलच्या सभांत विनोदी भाषणं ठोकून म्हातारा झालेला अस्सल कोलोनकर. तो लोकांकडून ते वाक्य घोकून घ्यायचा, म्हणजे बटण दाबलं की दोनशे माणसं एका सुरात ओठ लोंबवून म्हणायची. कोलोनच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लहानपणापासून कार्निव्हलमध्ये बसून त्याला सवय झालेली असते, की विनोद झाला, ढोल वाजला, आता आपण ओरडायचं. पण कुनो तरीही शिकवायचा, कारण त्याला त्याचाच पगार होता.

वर्षभरात ते वाक्य टी-शर्टांवर आलं, टेलिफोनच्या रिंगमध्ये आलं. लेनिकांच्या घरासमोरून जाणाऱ्या गाड्या काचा खाली करून तेच ओरडायच्या. हे मला माहीत होतं, कारण त्यांनी पत्रात लिहिलं होतं. चार वर्षांत चार पत्रं. ती कार्यालयात यायची आणि तिथली पोरं "तुझा ससेवाला" म्हणून माझ्या टेबलावर टाकायची. रागाचं एक अक्षर नव्हतं त्यात. बंद करा असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. चारही पत्रांत एकच मागणी: एकदा, फक्त एकदा, मी जे बोललो ते पूर्ण दाखवा, म्हणजे लोकांना कळेल. मी पत्रं खणात ठेवली. काय उत्तर देणार होते?

दोन हजार तीनच्या शरदात आमचे दिवस फिरले. किती लोकांनी बघितलं त्याचा आकडा रोज सकाळी साडेआठला यायचा, आणि साडेआठ ते नऊ त्या इमारतीत कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. आकडा उतरत चालला होता. चॅनेलनं नाताळपर्यंत मुदत दिली. हान्नो माझ्या खोलीत येऊन बसू लागला, कारण माझ्या खोलीला खिडकी नव्हती.

"लोकांना माझा कंटाळा आलाय," तो म्हणाला.

"मलाही आलाय. आठ वर्षं तुझंच थोबाड बघतेय, तेही चार पडद्यांवर."

तो हसला नाही. म्हणून मी खण उघडला आणि पत्रं त्याच्यापुढे टाकली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. त्यानं चारही वाचली. मग मूळ टेप मागितली. उभ्यानं बघायला सुरुवात केली आणि मध्येच खाली बसला.

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

त्यानं पडद्यावरच्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "बोलाव त्यांना. पूर्ण दाखवू. मी सगळ्यांदेखत माफी मागतो." त्याला खरंच वाईट वाटलं होतं की सकाळचा आकडा दिसत होता? मला वाटतं दोन्ही. माणसाच्या पोटात दोन्हीला जागा असते.

नोव्हेंबरमध्ये लेनिक आले. सात तास रेल्वेनं, एकटे, काळा सूट घालून. बायकोच्या दफनाला घातलेलाच असणार, दुसरा कशाला असेल. माझ्यासाठी त्यांनी घरच्या काकड्यांची बरणी आणली होती. चार वर्षं ज्या बाईनं उत्तर दिलं नाही तिच्यासाठी. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं आणि चाळीस सेकंद दाखवले.

"हो, असंच," ते म्हणाले. "इथपासून. एडेलच्या नावापासून."

"तिथपासूनच दाखवणार."

"ती बातमी आमच्याकडे एकदाच लागली होती, आणि तेव्हा मी क्लबात होतो. मीच पूर्ण ऐकलं नव्हतं." त्यांनी टोपी हातात फिरवली. "लोक ऐकून घेतील ना, बाई?"

"घेतील," मी म्हटलं.

खाली हान्नो कुनोला दम देत होता. "आज ते वाक्य घोकून घ्यायचं नाही. कळलं? एकदाही नाही."

"मग तापवू कशानं?"

"तुझ्या सासूवर कर काहीतरी."

"सासू वारली, साहेब."

"तुझ्या सासूला वारून वीस वर्षं झाली कुनो, रोज करतोसच की."

कुनोनं शब्द पाळला. त्या दिवशी त्यानं ते वाक्य उच्चारलंसुद्धा नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, झालं, एवढं सांभाळलं की पुरे. या धंद्यातलीच माणसं अशी चूक करू शकतात. हॉल आपण चालवतो, आपण सांगितलं तरच लोक ओरडतात, असं आम्ही धरून चाललो होतो. चार वर्षं शिकवलेलं एका दिवसात उतरत नाही, हे एखाद्या शाळामास्तरानंही सांगितलं असतं.

लेनिक खुर्चीत बसले. हान्नो फार चांगला बोलला, हे मी मान्य करते. थट्टा नाही, डोळा मारणं नाही. म्हणाला, या माणसावर आपण चार वर्षं हसलो, आज त्यांचं पूर्ण ऐकू या. दिवे मंद झाले. पडद्यावर लेनिक, रिकामं खुराडं. एडेल. शेवटची दोन वर्षं. तुम्ही कोण. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी वर कंट्रोल रूममध्ये उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग पडद्यावरचा चेहरा वेडावाकडा झाला. ओठ लोंबला. आणि दोनशे माणसांनी तोंड उघडलं.

"तो मला ओळखायचा."

एका सुरात. ओठ लोंबवून. ढोलवाल्याचा हात आपोआप पडला, ट्रंपेटवाल्यानं फुंकलं, आणि हॉल हसला. दुष्टपणानं नाही. ओळखीचं गाणं लागलं की माणूस गुणगुणतो, तसं. अर्ध्याअधिक लोकांनी लगेच तोंडावर हात नेले, पण हसू एकदा सुटलं की आवरत नाही. आणि हान्नो? हान्नो थांबला. हशा ओसरेपर्यंत बोलायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. त्यानं हशा पूर्ण होऊ दिला, मनातल्या मनात मोजत, जसा रोज होऊ द्यायचा. तेवढे सहा सेकंद लेनिक खुर्चीत बसून होते. आपलं काही खाली पडलंय का, असं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग लोक हसतायत म्हणून शिष्टाचारानं तेही थोडं हसले.

त्यांची परतीची गाडी सात वाजता होती. मी खाली पोचेपर्यंत ते गेले होते.

पावणेसातला हान्नो माझ्या खोलीत आला. चेहरा पिठासारखा.

"कापून टाक."

"काय कापू? अख्खा प्रसंग?"

"नाही. फक्त हसू."

"म्हणजे काय ठेवू त्याजागी?"

"शांतता ठेव, उला. लोक गप्प बसले असं दिसू दे. त्यांना तेच हवं होतं ना? निदान देशानं तरी त्यांचं ऐकावं."

मी शांतता शोधायला बसले. आठ वर्षांच्या टेपा माझ्या मागे फळ्यांवर होत्या आणि एकीतही दहा सेकंदांची शांतता नव्हती. शेवटी ध्वनीवाल्याकडून मिळाली. लोकांना आत सोडण्याआधी तो रोज रिकाम्या हॉलचा आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवायचा. ती मी खाली पसरली. आता चेहरे हवे होते. तेही मिळाले. कार्यक्रमाआधी आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं हे एक माणूस लोकांना सांगतो, आणि कॅमेरेवाले तेव्हा फोकस तपासतात. लोक ते फार गंभीरपणे ऐकतात. एक आजी तर अगदी रडवेली झाली होती, कारण तिची खुर्ची दारापासून लांब होती. ती आजी मी घेतली, तिच्याशेजारचा दाढीवाला घेतला, ओठ चावणारी एक मुलगी घेतली. लेनिकांचं ते शिष्टाचाराचं हसू काढलं. पावणेदहाला तपासून पाहिलं तर इतकं छान झालं होतं की मला माझाच अभिमान वाटला. तेही इथे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी साडेआठचा आकडा सहा वर्षांतला सगळ्यात मोठा होता. वर्तमानपत्रांनी लिहिलं की टेलिव्हिजन काल पहिल्यांदा गप्प बसलं. रडवेल्या आजीचा फोटो पहिल्या पानावर. हॉलमध्ये दोनशे साक्षीदार होते, पण कोणी काही बोललं नाही. घरी जाऊन टीव्हीवर स्वतःचे गंभीर चेहरे बघितल्यावर त्यांनाही वाटलं असेल, की आपण गप्पच होतो. शूटिंगची मूळ टेप हान्नोनं स्वतः नेली आणि पुसून आणली. म्हणाला, झाकली मूठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेनिकांचा फोन आला. कापणाऱ्या बाईंना द्या म्हणाले.

"बाई, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"विचारा ना."

"लोक हसले ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तर स्पष्ट ऐकू आलं. सगळे मिळून म्हणाले आणि हसले. ढोलही वाजला. पण शेजारणीनं टेप करून ठेवलं होतं, तीनदा लावून दाखवलं तिनं मला. सगळे गप्प. ती म्हणते, रेडिओसारखं कानात वाजलं असेल तुमच्या, घाबरला होतात. म्हणून म्हटलं, जी तिथे होती तिलाच विचारावं."

खोलीत हान्नो बसला होता. कोणाचा फोन आहे हे त्याला कळलं होतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. पण सगळं त्याच्यावर ढकलणार नाही. मला वाटलं, या माणसानं चार वर्षं एकच गोष्ट मागितली, की लोकांनी ऐकून घ्यावं. आता त्याला वाटतंय की ऐकून घेतलं. मी कशाला हिरावून घेऊ?

"नाही," मी म्हटलं. "सगळे शांत होते, लेनिकसाहेब."

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे माझेच कान. बरं झालं विचारलं. एडेलचंही असंच सुरू झालं होतं. भिंतीपलीकडे कोणीतरी हसतंय म्हणायची." आणि माझे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

हान्नोला वसंतात मोठा पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर म्हणाला, त्या रात्री मी शांततेकडून शिकलो. त्यानंतर त्यानं बटण काढलं, टेबल काढलं, सूटही बदलला. विचारी माणूस झाला. मरणावर, म्हातारपणावर मुलाखती घेऊ लागला, आणि त्या चांगल्या घ्यायचा. मी आणखी तीन वर्षं त्याच्याबरोबर होते. आम्ही कधी तो विषय काढला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात ससेवाल्यांच्या क्लबचं पत्र आलं. क्लबच्या शताब्दीला ती प्रसिद्ध टेप लावायची होती, प्रत मिळेल का. खाली चिटणिसांनी सहज लिहिलं होतं, की लेनिक हल्ली क्लबात नसतात. ऑगस्टमध्ये त्यांनी सगळे ससे वाटून टाकले, घर पुतण्याला दिलं आणि स्वतःहून कॉटबुसच्या वृद्धाश्रमात गेले, विस्मरण झालेल्यांच्या मजल्यावर. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, पण डॉक्टरांचं ते ऐकेनात.

मी रजा काढली आणि गेले. सात तास. ते खिडकीपाशी बसले होते, नीट दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. मला बघताच म्हणाले, "पेशबाई. कोलोनच्या. काकड्या आवडल्या का?" दहा महिन्यांनी, एका भेटीवर. भोवती तिघी बायका बाहुल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. हसू, ढोल, रिकाम्या हॉलचा आवाज, आगीच्या सूचना ऐकणारी आजी. फोनवर मी खोटं बोलले, तेही. तुमचे कान ठणठणीत आहेत, म्हटलं. लोक हसले होते, तुम्ही बरोबर ऐकलंत. बोलताना मी रडत होते.

त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन थोपटला.

"तुम्ही फार चांगल्या आहात, बाई. इतक्या लांबून आलात."

"मी खरं सांगतेय."

"हो, हो." ते माझी समजूत काढत होते. "एडेल म्हणायची ना, भिंतीपलीकडे कोणीतरी हसतंय. मीही तिला हेच सांगायचो. हो गं, हसले, मीही ऐकलं. मग तिला जरा बरं वाटायचं."

पाच वाजता त्यांचं जेवण आलं, पावाचे दोन काप आणि चीज. त्यांनी एक काप माझ्यापुढे सरकवला आणि परतीची गाडी कितीची आहे ते विचारलं.